शिरपूरची स्मिता पाटील, हॉलिवूडच्या पोस्टर गर्ल्स आणि ‘चक्र’चं ते होर्डिंग

दरवर्षी १७ ऑक्टोबर आणि १३ डिसेंबर या दोन तारखांना एक जुनी क्लिप हमखास फीडमध्ये येते. स्मिता पाटील समोर बसलेली असते आणि हिंदीत, अजिबात आवाज न चढवता बोलत असते. तिचं म्हणणं असं की, पोस्टरवर बाईचं उघडं अंग दाखवलं की आणखी शंभर लोक येतील असं फिल्मवाल्यांना वाटतं. ही सवय प्रेक्षकांवर लादली गेली आहे. पिक्चर चालायचा असेल तर तो मनापासून केलाय म्हणून चालतो, असली पोस्टरं लावून चालत नाही.

खाली कमेंट्स ठरलेल्या असतात. ‘काळाच्या पुढची अभिनेत्री’, ‘आजच्या हिरोइन्सनी शिकावं’ वगैरे. मग लोक पुढच्या रीलवर जातात.

पण ती असं का बोलत होती, तिच्यासोबत नेमकं काय झालं होतं आणि तिला ते थांबवता का आलं नाही, हे त्या एका मिनिटात कळत नाही. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. आधी शिरपूरला आणि मग थेट अमेरिकेला.

शिरपूर म्हणजे धुळे जिल्ह्यातलं, मुंबई-आग्रा महामार्गावर तापी ओलांडली की लागणारं तालुक्याचं गाव. स्मिताचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील इथले. स्वातंत्र्यसैनिक, सहकारातलं मोठं नाव, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. स्मिताचा जन्म मात्र पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. शाळाही पुण्यातली, रेणुका स्वरूप. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण. तरी आजही खान्देशात स्मिता पाटीलचा विषय निघाला की, ‘ती आमच्या शिरपूरची’ हे वाक्य आल्याशिवाय राहत नाही. अहिराणीत लेकीला आंडेर म्हणतात. मुलगी कुठंही जन्मली, कुठंही वाढली तरी बापाच्या गावाची आंडेर, असा हा हिशोब आहे.

आता अमेरिकेला यायचं कारण. १७ ऑक्टोबरलाच, पण १९१८ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणखी एक मुलगी जन्मली होती. मार्गारिटा कार्मेन कॅन्सिनो. जगाला ती रिटा हेवर्थ या नावानं माहीत आहे. तिची एक खूण मराठी वाचकासाठी सोपी आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला त्या आगाखानांची ती सून. १९४९ मध्ये तिनं त्यांच्या मुलाशी, प्रिन्स अली खान यांच्याशी लग्न केलं होतं.

रिटा आणि स्मिता यांच्यात तारखेशिवाय आणखी एक गोष्ट सारखी आहे. दोघींचा फोटो त्यांना न विचारता अशा ठिकाणी लावला गेला की त्या संतापल्या.

रिटाचे वडील स्पेनहून आलेले नर्तक. मुलीचे केस काळे, कपाळ अरुंद. कोलंबिया पिक्चर्सला ही ‘परदेशी’ दिसणारी मुलगी नको होती. मग तिचं नाव बदललं, केस लालसर रंगवले आणि विजेच्या सुईने कपाळावरचे केस मुळापासून जाळून केसांची रेघ मागं नेली. हे एकदा नाही, कित्येकदा करावं लागलं आणि ते दुखायचं. एवढं करून जी तयार झाली ती ‘अमेरिकन सौंदर्यवती’.

१९४१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात तिचा पलंगावर गुडघे टेकून बसलेला फोटो आला. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिका महायुद्धात उतरली आणि या फोटोच्या लाखो प्रती सैनिकांच्या पेट्यांमध्ये, बराकींच्या भिंतींवर गेल्या. भिंतीला टाचणीने टोचायचे फोटो म्हणून या प्रकाराला ‘पिन-अप’ म्हणायचे. १९४३ चा बेटी ग्रेबलचा पांढऱ्या स्विमसूटमधला, मान मागं वळवून बघणारा फोटो तर रिटापेक्षाही जास्त वाटला गेला. बेटीच्या पायांचा दहा लाख डॉलरचा विमा काढल्याची बातमी स्टुडिओनेच मोठ्या हौसेने पसरवली होती. बाईच्या पायांचा विमा ही तेव्हा चेष्टेची नाही, कौतुकाची गोष्ट होती.

मग आलं १९४६. रिटाचा ‘गिल्डा’ नुकताच गाजला होता. १ जुलैला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने अणुचाचणी केली. जो बॉम्ब टाकला त्यावर ‘गिल्डा’ असं लिहिलं होतं आणि रिटाचा फोटो डकवलेला होता. करणाऱ्यांच्या दृष्टीने हा सन्मान होता. रिटाचे तेव्हाचे पती, दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी नंतर सांगितलं की ती रागाने वेडीपिशी झाली होती. तिला पत्रकार परिषद घेऊन निषेध करायचा होता. स्टुडिओचा मालक हॅरी कोहन याने सांगितलं, असं केलंस तर लोक तुला देशद्रोही म्हणतील. विषय तिथंच संपला.

(त्याच महिन्यात पॅरिसमध्ये एका डिझायनरने दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख आणला आणि बातम्यांत गाजत असलेल्या त्या बेटांचं नाव त्याला देऊन टाकलं. बिकिनी हा शब्द तिथून आला.)

पन्नास डॉलर

फोटो कुणाचा, हा प्रश्न अमेरिकेत सगळ्यात ठळकपणे दिसतो तो मेरिलिन मन्रोच्या बाबतीत. १९४९ मध्ये तिच्याकडे काम नव्हतं, पैसे नव्हते. टॉम केली नावाच्या फोटोग्राफरसाठी तिनं विवस्त्र पोज दिली. मिळाले ५० डॉलर. ते फोटो कॅलेंडरवर गेले. चार वर्षांनी ती स्टार झालेली असताना ह्यू हेफनर या तरुणाने त्यातल्या एका फोटोचे हक्क कॅलेंडर कंपनीकडून ५०० डॉलरला घेतले आणि डिसेंबर १९५३ च्या ‘प्लेबॉय’च्या पहिल्याच अंकात तो छापला. त्या अंकाने हेफनरचं साम्राज्य उभं राहिलं. मेरिलिनला त्यातून काहीच मिळालं नाही. तिनं १९४९ मध्येच सही करून दिली होती.

त्याच १९५३ मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टात बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंवरून खटला चालला. च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंचे फोटो घालणाऱ्या दोन कंपन्यांचं भांडण होतं. निकालात पहिल्यांदा स्पष्टपणे म्हटलं गेलं की प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्याला बाजारात किंमत असते आणि त्या किमतीवर त्याचा स्वतःचा हक्क असतो. पण हा हक्क करारात विकता येतो आणि स्टुडिओचे करार तो आधीच विकत घेऊन ठेवायचे. म्हणजे दार उघडलं, पण किल्ली मालकाच्याच खिशात.

आपल्याकडेही चेहरा विकण्याची पद्धत याच वाटेने आली. लक्स साबणाने हॉलिवूडच्या नट्यांना घेऊन जाहिराती केल्या आणि तोच प्रयोग भारतात आणला. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत झळकणारी पहिली भारतीय अभिनेत्री होती लीला चिटणीस, मराठी आणि पदवीधर. २००३ मध्ये ती गेली तीही अमेरिकेतच, कनेक्टिकट राज्यात.

जीन्सवर साडी

स्मिताची सुरुवातही फोटोंपासूनच झाली, हे गमतीचं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या सुमारास एका छायाचित्रकार मित्राने काढलेले तिचे फोटो दूरदर्शनच्या अधिकाऱ्यांनी पाहिले आणि तिला बोलावणं आलं. ती मराठी बातम्या वाचायला लागली. बुलेटिनची वेळ झाली की जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा तिच्या ओळखीच्या अनेकांनी सांगितला आहे.

सावळा रंग, मोठे डोळे, कपाळावर टिकली. तेव्हाच्या हिंदी सिनेमाच्या व्याख्येत ती बसत नव्हती. रिटासारखं तिलाही कुणी ‘दुरुस्त’ करू शकलं असतं. नशिबाने तिला आधी भेटले ते वेगळे लोक. अरुण खोपकरांची पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली फिल्म ‘तीव्र मध्यम’, मग श्याम बेनेगलांचे ‘चरणदास चोर’, ‘निशांत’, ‘मंथन’. ‘मंथन’ला पैसे दिले गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये. मराठीत जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’.

१९७७ च्या ‘भूमिका’ने तिला पहिलं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. हा सिनेमा हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. म्हणजे बाविशीच्या आसपासची एक नटी दुसऱ्या एका नटीचं आयुष्य जगून दाखवत होती. घर जिच्या कमाईवर चालतं, पण जिच्या पैशावर, शरीरावर आणि निर्णयांवर नवऱ्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे हक्क सांगतात अशी बाई. स्मिताला सिनेमाच्या धंद्याचं हे गणित पडद्यावर आधी कळलं आणि स्वतःवर वेळ आली ती नंतर.

ती वेळ आणली ‘चक्र’ने.

जयवंत दळवींची ‘चक्र’ ही कादंबरी मुंबईच्या झोपडपट्टीवरची. रवींद्र धर्मराज या दिग्दर्शकाने तिच्यावर सिनेमा केला. स्मिता त्यात अम्मा झाली. गावातून पळून आलेली, नवरा गमावलेली, मुलाला घेऊन झोपडीत राहणारी बाई. सिनेमात ती झोपडीबाहेर, उघड्यावर अंघोळ करते असा प्रसंग आहे. झोपडीत न्हाणीघर नसतं, म्हणून तो प्रसंग आहे. लोक आजूबाजूने जात-येत असतात आणि ती आपली अंघोळ उरकत असते. पडद्यावर बघताना लाज वाटलीच तर ती शहराची वाटते.

या भूमिकेसाठी तिला दुसरं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, फिल्मफेअर मिळालं. सिनेमाला १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात ‘गोल्डन लेपर्ड’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

आणि सिनेमा विकायची वेळ आली तेव्हा पोस्टरवर आली ती अंघोळ.

मुलगा गेला, बस्ती गेली, उपासमार गेली. चौकातल्या होर्डिंगवर उरली ओली साडी. तेव्हाची पोस्टरं हाताने रंगवलेली असायची हेही लक्षात घ्या. पेंटर त्यात आपल्या मनाने रंग भरायचा आणि अंगाचे उतार-चढाव वितरकाच्या सांगण्यावरून ठरायचे. म्हणजे कॅमेऱ्याने जे टिपलं त्याच्याही पुढचं चित्र चौकात उभं राहायचं. सिनेमा बघायला न जाणाऱ्या माणसाने स्मिताचं एवढंच रूप पाहिलं.

क्लिपमधला राग हा तिथला आहे. ती अंघोळीच्या प्रसंगाबद्दल तक्रार करत नव्हती, तो तिनं समजून-उमजून केला होता. हा फरक कमेंट्समध्ये नेहमी हरवतो. अनेकजण त्या क्लिपवरून तिला ‘संस्कारी’ ठरवून मोकळे होतात आणि आजच्या नट्यांना चार शब्द सुनावतात. तिचा मुद्दा कपड्यांचा नव्हताच. प्रसंगाचा अर्थ काढून घ्यायचा आणि फक्त अंग ठेवायचं, याला तिचा विरोध होता. दोष ती नट्यांना देत नव्हती, विकणाऱ्यांना देत होती.

मग थांबवलं का नाही?

कारण कायद्याने तिच्या हातात काहीच नव्हतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमाचा मालक निर्माता. त्यातल्या कुठल्या फ्रेमचं पोस्टर करायचं हे तो किंवा त्याच्याकडून हक्क घेणारा वितरक ठरवणार. एखाद्या नटाने आपल्या कामावर हक्क सांगायचा प्रयत्न केला तर काय होतं, याचा निकाल ‘चक्र’च्या थोडं आधीच लागला होता. ‘फॉर्च्युन फिल्म्स विरुद्ध देव आनंद’ हा तो मुंबई हायकोर्टातला खटला. कोर्टाने सांगितलं की सिनेमातल्या अभिनयावर नटाचा कॉपीराइट नसतो. देव आनंदसारखा स्टार जिथं हरला, तिथं समांतर सिनेमातली एक तरुण मुलगी काय करणार होती?

कलाकारांच्या हक्कांची तरतूद कायद्यात आली १९९४ मध्ये आणि ती आणखी भक्कम झाली २०१२ मध्ये. आपला चेहरा, आवाज, नाव परवानगीशिवाय वापरू नये असे आदेश दिल्ली हायकोर्टाकडून अमिताभ बच्चन यांनी २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांनी २०२३ मध्ये मिळवले. आता प्रश्न होर्डिंगचा राहिलेला नाही, एआयने बनवलेल्या व्हिडिओंचा आहे. पण वाद तोच आहे. चेहरा कुणाचा आणि तो कशासाठी वापरायचा हे ठरवणार कोण?

अमिताभचं नाव आलंच आहे तर १९८२ चा ‘नमक हलाल’. त्यातलं पावसातलं गाणं सगळ्यांना माहीत आहे. शूटिंगच्या वेळी स्मिता खूप अस्वस्थ होती, आपण हे का करतोय हेच तिला कळत नव्हतं, असं अमिताभनेच नंतर सांगितलं आहे. तरीही तिनं ते केलं. त्याच वर्षी तिचे ‘शक्ती’, ‘अर्थ’, ‘बाजार’ आणि मराठीत ‘उंबरठा’ आले. ‘उंबरठा’मधली सुलभा महाजन घर आणि लहान मुलगी मागं ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून निघून जाते. एकाच वर्षात ओल्या साडीतलं गाणं आणि ‘उंबरठा’. तिच्यावर दुटप्पीपणाचा आरोप करणाऱ्यांनी तेव्हाही केला, पण व्यावसायिक सिनेमातलं नाव समांतर सिनेमाला प्रेक्षक मिळवून देतं हे साधं व्यवहारज्ञान होतं. सहकाराच्या घरातली मुलगी होती, तिला हे कळत असणारच.

अमेरिकेतही याच काळात काही नट्या पोस्टरशी झगडत होत्या. रॅकेल वेल्शचं ‘वन मिलियन इयर्स बीसी’ या १९६६ च्या सिनेमातलं कातड्याच्या बिकिनीतलं पोस्टर जगभर गेलं. सिनेमात तिला संवाद होते जेमतेम तीन ओळींचे. पुढची पन्नास वर्षं ती काहीही करो, २०२३ मध्ये तिच्या निधनाच्या बातमीसोबत अनेकांनी लावला तो तोच फोटो.

फारा फॉसेटने मात्र चतुराई दाखवली. १९७६ चा तिचा लाल स्विमसूटमधला पोस्टर अमेरिकेत लाखोंनी खपला. पण त्याच्या विक्रीत तिचा स्वतःचा वाटा होता. ‘चार्लीज एंजल्स’ ही गाजलेली मालिका तिनं एका वर्षात सोडली आणि १९८४ मध्ये ‘द बर्निंग बेड’ या टीव्ही फिल्ममध्ये नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या आणि शेवटी त्याचा पलंगच पेटवणाऱ्या बाईची भूमिका केली. घरगुती हिंसाचारावर अमेरिकेत उघड बोललं जाऊ लागलं, त्यात या फिल्मचा वाटा मोठा मानतात. पोस्टरवाली फारा हे करेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

इथं जळगावचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण लेबल चिकटणं आणि न चिकटणं याचं तो मस्त उदाहरण आहे. सौंदर्यस्पर्धांचा आणि ‘क्वीन’ निवडण्याचा अमेरिकन थाट साठच्या दशकापर्यंत आपल्या कॉलेजांतही पोहोचला होता. १९६२ मध्ये जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजमध्ये एका विद्यार्थिनीची ‘कॉलेज क्वीन’ म्हणून निवड झाली. ती टेबल टेनिसही उत्तम खेळायची. त्याच वर्षी ती जळगावातून आमदार झाली, वय २७. पंचेचाळीस वर्षांनी, २००७ मध्ये, त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. प्रतिभाताई पाटील. ‘कॉलेज क्वीन’ हा किताब त्यांच्या परिचयात एका ओळीपुरता उरला. नट्यांच्या नशिबात हे सहसा नसतं, कारण त्यांचा फोटो विकण्यात दुसऱ्या कुणाचा तरी फायदा असतो.

स्मिताला पद्मश्री मिळाली १९८५ मध्ये. २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा प्रतीकचा जन्म झाला आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून १३ डिसेंबरला ती गेली. वय ३१. रिटा हेवर्थ त्यानंतर पाच महिन्यांनी, मे १९८७ मध्ये गेली. अल्झायमरमुळे तिला शेवटी स्वतःची ओळखही उरली नव्हती.

स्मिताचा ‘मिर्च मसाला’ पडद्यावर आला तो तिच्या मागं. केतन मेहतांचा हा सिनेमा गुजरातच्या खेड्यात घडतो, पण खान्देशातल्या माणसाला तो परका वाटत नाही. जमिनीवर पसरलेली लालभडक मिरची बघितली की नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी आठवतात. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १९९८ मध्ये. गोष्ट अशी की नदीवर पाणी भरणाऱ्या सोनबाईवर सुभेदाराची नजर पडते. ती त्याच्या थोबाडीत मारून मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. सगळं गाव तिला सांगतं, जा त्याच्याकडे, आम्हाला त्रास नको. ती जात नाही. शेवटी दार तुटतं आणि आतल्या बाया सुभेदाराच्या डोळ्यांत मिरचीची पूड फेकतात. शेवटच्या फ्रेममध्ये हातात विळा घेतलेली स्मिता समोर बघत असते.

होर्डिंगवरच्या अम्मापेक्षा तिचा हा फोटो आज जास्त शेअर होतो. ‘मंथन’ची दुरुस्त केलेली प्रत मे २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली आणि जूनमध्ये भारतातल्या थिएटरांतही लागली. पहिल्यांदाच स्मिताला मोठ्या पडद्यावर बघणारी पोरं तिथं होती.

सरकारी खात्यानेही तिचा एक फोटो निवडला. भारतीय सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून ३ मे २०१३ ला टपाल खात्याने सिनेमातल्या पन्नास व्यक्तींवर तिकिटं काढली, त्यात स्मिता आहे. तिच्या वडिलांना, शिवाजीरावांना, पद्मभूषण मिळालं तेही त्याच वर्षी. लेकीनंतर ते तीस वर्षं जगले, २०१७ पर्यंत. तिकिटावर फक्त तिचा चेहरा आहे.